मागच्या सीटवर आई

मूर्तिजापूरजवळ हायवेला लागून एक चहाचं हॉटेल आहे. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि पाडव्याला, मी तिथे माझ्या सख्ख्या भावाला भेटायचे. भेटायचे म्हणजे बाबांची जुनी गाडी त्याच्याकडून घ्यायचे किंवा त्याच्या ताब्यात द्यायचे. गाडीचं बॉनेट उघडलेलं असायचं, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी आणि मागच्या सीटवर आई.

दसरा ते पाडवा आई आणि गाडी माझ्याकडे, अमरावतीला. पाडवा ते दसरा दोघीही त्याच्याकडे, अकोल्याला. आणणाऱ्याने किल्ली चहाच्या टेबलावर ठेवायची. हातात द्यायची नाही, ठेवायची. नेणाऱ्याने ती उचलायची आणि आधी गाडी तपासायची. दादा इंजिनातली ऑइलची काडी ओढून काढायचा, रुमालाने पुसायचा, पुन्हा घालून पुन्हा काढायचा आणि माझ्याकडे न बघता हॉटेलवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "तेल नाई, चिखल हाय हा." माझी पाळी असली की मी टायर बघायचे, स्टेपनीत हवा आहे का बघायचे, रेडिएटरचं झाकण उघडायचे आणि आतल्या पाण्याच्या रंगावर जे बोलायचं ते बोलायचे. मग ज्याच्या हातून गाडी गेली तो ऑटो करून मूर्तिजापूर स्टेशनवर. मी बडनेऱ्याकडे जाणारी रेल्वे धरायचे, तो अकोल्याकडे जाणारी. आई या सगळ्यात खाली उतरायची नाही. मांडीवर पिशवी घेऊन समोर बघत बसायची. फक्त ड्रायव्हर बदलायचा.

हे असं का, तर बाबांमुळे. शेवटच्या आजारपणात त्यांनी आम्हा दोघांना पलंगाच्या दोन बाजूंना उभं केलं आणि म्हणाले, "तुमच्या मायले बसनं फिरवू नका. गाडी हाय. जिथं माय, तिथं गाडी." रिटायर झाल्यावर घेतलेली ती छोटी पांढरी गाडी हीच त्यांची इस्टेट. राहायचे ते भाड्याच्या घरात, ते घर त्यांच्या पाठोपाठ सुटलं. राहिली आई आणि राहिली गाडी, आणि दोन्हींची वाटणी करायला आम्ही दोघं.

वाटणीच्या वेळी दादा जे बोलला ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. "माय पोरीच्या घरी राह्यली तं लोक मले काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोकांना विचार, तिच्या गुडघ्याला तेल कोण लावतं. तो म्हणाला, "तुह्यं घर म्हंजे तुह्या नवऱ्याचं घर. तिथं मी पाय ठेवनार नाई." मी म्हटलं, मग मीही तुझ्या दारात येणार नाही. दोघांनीही शब्द पाळला. आमच्या घराण्यात पाळण्यासारखं दुसरं काही नसलं तरी हट्ट आम्ही चांगला पाळतो. म्हणून निम्म्या वाटेवरचं हे हॉटेल.

आता गाडीचं सांगते, कारण आमचं सगळं बोलणं गाडीतूनच चालायचं.

दादाचं घर अकोल्याच्या बाहेर नव्या लेआउटमध्ये. तिकडे बोअरला लागतं ते खारं पाणी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, कूलरच्या जाळीवर पांढरे खडे धरतात. प्यायचं पाणी ते कॅनचं आणतात. आणि हा माणूस सकाळी पितळी तांब्या भरून तेच बोअरचं पाणी गाडीच्या रेडिएटरमध्ये ओततो. मी रसायनशास्त्र शिकवते. खारं पाणी गरम लोखंडाचं आणि ॲल्युमिनियमचं काय करतं हे अकरावीच्या पोरांना फळ्यावर लिहून दाखवते. सख्ख्या भावाला मात्र मी ते सांगू शकत नव्हते, कारण त्याचं उत्तर तयार होतं. "कूलंट म्हंजे कंपनीवाल्यांची लूट हाय. बाबा पानीच टाकत होते." बाबा अमरावतीला राहायचे, त्यांच्या नळाला धरणाचं गोडं पाणी होतं, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती.

दर दसऱ्याला गाडी घरी आणली की मी दुसऱ्या दिवशी बडनेरा रोडवरच्या आमच्या मिस्त्रीकडे न्यायचे. त्यांना सगळे भाई म्हणतात. भाई खालून नळी सोडायचे आणि कोऱ्या चहासारखं लाल पाणी त्यांच्या घमेल्यात पडायचं. ते थुंकून म्हणायचे, "किसने डाला ये? दुश्मनने?" मी म्हणायचे, भावाने. मग ते रेडिएटर धुवायचे आणि हिरवं कूलंट भरायचे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटी झडप, दर वर्षी गायब असायची. दादाच्या अकोल्याच्या मिस्त्रीचं म्हणणं होतं की आपल्याकडच्या उन्हात तिची गरजच नाही, म्हणून तो ती काढून फेकायचा. भाई नवी बसवायचे. पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा नसायची. रेडिएटरसमोरचा पंखा त्या मिस्त्रीने थेट बॅटरीला जोडून टाकला होता, गाडी चालू की पंखा चालू, थंडी असो की ऊन. भाई ती वायर तोडायचे, तो पुन्हा जोडायचा. या दोघा मिस्त्रींनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही, पण एकमेकांचा राग करण्यात ते आमच्याही पुढे गेले. एका वर्षी भाईंनी रेडिएटरच्या टाकीवर ऑइलपेंटने लिहिलं, खारा पानी मत डालो. दसऱ्याला गाडी आली तेव्हा त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, अपना काम देखो. भाई त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत म्हणे.

भाई फार थोर कारागीर होते असं मी म्हणणार नाही. उद्या म्हणाले की आठवडा धरायचा. एकदा त्यांनी त्यांचा पाना बॉनेटमध्येच विसरला आणि मी तो खडखडाट ऐकत चांदूरपर्यंत जाऊन आले. पण ते माझ्या बाजूचे होते आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

आईची बाजू मला कधी कळली नाही. दादाने आरशाला लिंबू-मिरची बांधली की ती अमरावतीला पोचताच तोडून टाकायची, कारण आमच्याकडे महानुभाव पंथ, असलं काही चालत नाही. एवढाच तिचा गाडीशी संबंध. मी दादाबद्दल बोलू लागले की ती भाजी निवडायला घ्यायची. तिकडेही ती तेच करत असणार. मला याचा राग यायचा. तोंड उघडून एकदा तरी म्हणावं तिने, मला लेकीकडे बरं वाटतं. मला आई पाहिजे होती. अर्धी नाही, पाळीने नाही, पूर्ण वर्षभराची. तिचा अकोल्याचा उन्हाळा मला बघवत नव्हता. गेल्या दसऱ्याला ती आली तेव्हा मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. गाडीचा एसी बंद, त्यात गॅस भरायची तसदी दादाने घेतलेली नाही. मी मूर्तिजापूरला तोंडावर बोलले, की भर मे महिन्यात म्हातारीला अशा गाडीत फिरवतोस? तो टेबलावरच्या किल्लीलाच म्हणाला, "अमरावतीत काय बर्फ पडते?"

मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, पुढच्या पाडव्याला आईला पाठवायची नाही. पण शब्द दिलेला होता, निमित्त लागत होतं. ते गाडीनेच दिलं.

पाडव्याच्या थोडं आधी आईला रिद्धपूरला, आमच्या पंथाच्या ठिकाणी, जायचं होतं. दर्शन झालं, ओळखीच्या बायकांना दंडवत प्रणाम झाला, ऊन चढायच्या आत आम्ही परत निघालो. वाटेत संत्र्याच्या बागा लागतात तिथे तापमानाचा काटा वर चढायला लागला. मी हीटर लावला, खिडक्या उघडल्या. तापलेल्या इंजिनाची गरमी आत ओढून घ्यायची ही युक्ती बाबांची. काटा थांबला नाही. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटला आणि इंजिन खोकून बंद पडलं. बागेच्या कुंपणाशी सावली होती, तिथे आईला बसवलं. बागवाल्याने संत्री आणून दिली आणि रेडिएटरसाठी बादलीभर पाणीही आणलं. मी म्हटलं, नको, आता पाणी पाजून उपयोग नाही. आई संत्रं सोलत म्हणाली, "थकली बिचारी." मी त्या वेळी भावाला इतक्या शिव्या घातल्या की बागवाला बादली घेऊन परत गेला.

टेम्पोला बांधून गाडी भाईंकडे आणली. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला ते हेड म्हणतात, खोलून फडक्यावर ठेवला होता. "देखो बाई. गॅस्केट जळलं, हेड वाकडा झाला. अन् हे देखो." रेडिएटरच्या नळ्या कापून त्यांनी आतली बाजू वर केली होती. नळ्यांत पांढरा थर बसून बोरूएवढंही भोक उरलं नव्हतं. बोटाने खरडलं तर खडूसारखा चुरा पडला. मी तो चुरा कागदावर घेतला, फोटो काढला आणि दादाला पाठवला. खाली लिहिलं, हे तुझं पाणी.

त्याचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. "गाडी तुह्या हातात बंद पडली. माह्या हातात कधी पडली नाई. घाटावरून पळवत असशीन. पाडव्याच्या आत सुधर, अन् वेळेवर ये." रिद्धपूरच्या वाटेला घाट कुठून आला हे त्याने सांगितलं नाही.

तो मेसेज मी दोनदा ऐकला आणि मग भाईंना म्हटलं, राहू द्या. हेडला हात लावू नका.

भाई चिडले. "खोलून ठेवली, आता नाई म्हंता? माही जागा अडून राहिली." मी म्हटलं, जागेचं बघू. सांगते तेव्हा करा. त्यांनी हेड पोत्यात गुंडाळून फळीखाली सरकवलं आणि गाडी ढकलून भिंतीला लावली. ती तशी नाक उघडं टाकून उभी राहिली आणि मला, खरं सांगायचं तर, तिच्याकडे बघून आनंद झाला. जिथं माय, तिथं गाडी. गाडी हलत नाही, म्हणजे माय हलत नाही. शब्द बाबांचा, मी फक्त पाळत होते. यात मी काही वाईट केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एसी नसलेल्या घरात, खाऱ्या पाण्याच्या कूलरपुढे आईने आणखी एक उन्हाळा काढावा, हे कोणत्या न्यायाने?

पाडवा आला आणि गेला. दादाचे मेसेज सुरू झाले. आधी प्रश्नचिन्ह. मग, गाडी झाली का. मग, दुसरी गाडी भाड्यानं पाठवतो. मी कळवलं, बाबा ही गाडी म्हणाले होते, कोणतीही गाडी म्हणाले नव्हते. मी जाणूनबुजून असं लिहिलं, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात म्हणून. झोंबल्या. आई मधूनच विचारायची, "गाडी कधी होईन?" मी म्हणायचे, सामान मिळत नाही जुन्या गाडीचं. ती हं म्हणायची आणि पुढचं विचारायची नाही.

मग एक दिवस कॉलेजात भाईंचा फोन आला. "बाई, आपके भाई आयेले हैं. रेडिएटर लेके. आ जाओ, मेरेको उनसे नहीं होता."

मी गेले तर दादा गॅरेजच्या दारात उभा. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. पायाशी पोतं, पोत्यात रेडिएटर. अकोल्याच्या जुन्या बाजारात त्याने तो शोधून काढला होता, रेल्वेत मांडीवर घेऊन बडनेऱ्यापर्यंत आला होता आणि तिथून ऑटोने. पोत्यातून गंजाचं पाणी गळून त्याची पँट खराब झाली होती. म्हातारा दिसत होता. हॉटेलावर बॉनेटच्या आडून तो मला इतका म्हातारा कधी दिसला नव्हता. पण त्याने तोंड उघडलं आणि माझी सगळी दया गेली.

"हे बसव," तो भाईंना म्हणाला. "अन् हेड घासून घे. मी इथंच बसतो, संध्याकाळपर्यंत कर."

मी म्हटलं, "माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

"तुही गाडी?"

"कागद माझ्या नावावर आहेत. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंगसाठी आरटीओत मी उभी होते. तू होतास?"

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत प्रथमच सरळ माझ्या डोळ्यांत. मग म्हणाला, "माय बी तुह्याच नावावर हाय का?"

मी म्हटलं, "असती तर तिचे हाल झाले नसते."

"कोन्ते हाल? सांग ना, कोन्ते हाल? तुह्याकडून येते तेवा तिच्या तोंडाले चव नसते. तू तिले पथ्याचं खाऊ घालून घालून वाळवली. माह्याकडं येऊन ती ठेचा मागते!"

"आणि तुझ्याकडून येते तेव्हा तिच्या बांगड्या गळतात!"

"एसी नाई म्हून मी तिले काय उन्हात ठेवतो? बायको रात्रभर उठून कूलरमधी पानी टाकते तिच्यासाठी!"

"खारं पाणी!"

"हाव, खारं! जे हाय ते!"

पलीकडच्या पंक्चरवाल्याकडची माणसं जवळ येऊन उभी राहिली. भाई मध्ये पडले. "झगडा बाहर करो. जॅकवर गिऱ्हाईकाची गाडी हाय, कोनाच्या पायावर पडन तं मले जेलमधी टाकतीन." आम्ही बाहेर आलो. रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यामुळे आणखी ओरडावं लागलं. बाबांच्या औषधापासून माझ्या लग्नातल्या जेवणापर्यंत सगळं निघालं. शेवटी त्याने हात झटकले. रेडिएटर तिथेच टाकला आणि ऑटोला हात केला. मी म्हणाले नाही, की घर दोन चौकांवर आहे. त्याने विचारलं नाही, की आई कशी आहे. ऑटो बडनेऱ्याकडे वळला.

मी जिंकून घरी आले. नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं, दादाची पँट कशी खराब झाली होती तेही. तो बिचारा अशा वेळी पेपर वाचतो. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"तो आला होता?"

"हो."

"अठीलोक? बडनेरा रोडवर?"

"हो. आणि गेला."

"तू त्याले घरी नाई आनलं?"

"तोच येत नाही माझ्या घरी. त्यानेच सांगून ठेवलंय."

"तू बोलावलं का?"

"त्याने कधी बोलावलं मला?"

आईने मेथीची जुडी पुन्हा घेतली. पानं खुडताना ती काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या दिवशीची भाजी खारट झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आले तर दाराला कुलूप. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या माळणीने हाक मारली. "बाई, किल्ली घ्या. आजी देऊन गेल्या. माह्याकडून काकड्या घेतल्या, अन् ऑटोत बसल्या. बसस्टँड म्हने."

आई एकटी कुठे जात नव्हती. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तरी तिच्यासोबत कोणीतरी लागायचं, असं आम्ही धरून चाललो होतो. मी नवऱ्याला फोन लावला, मग स्टँडवर गेले, चौकशीच्या खिडकीशी भांडले, अकोल्याकडे सुटणाऱ्या दोन बसमध्ये चढून एकेक सीट बघितली. परत येत होते तेव्हा फोन वाजला. दादाचा नंबर. उचलला तर आईचा आवाज.

"पोचली मी."

मी रस्त्यातच ओरडले. काय झालं असतं तुला, सांगता येत नव्हतं का, बाबांनी काय सांगून ठेवलं होतं, बसनं फिरवू नका म्हणून!

"तुह्या बापानं तुमाले सांगतलं होतं," ती म्हणाली. "मले काय सांगतलं? खिडकीजवळ जागा भेटली. कंडक्टरनं पैसे बी नाई मांगतले, वयाचं कार्ड पाह्यलं अन् बसा म्हने. लोनीपाशी एका पोरीनं पानी देल्लं. काई नाई झालं मले."

"मग इतकी वर्षं तू त्या खटाऱ्यात कशाला बसायचीस?"

मागे दादाच्या घरातला कूलर वाजत होता.

"गाडी होती तं तुमी दोघं वर्सातून दोन डाव एकमेकाचं तोंड पाहत होते," ती म्हणाली. "मले वाटे, आज बोलतीन. आज नाई तं पुढच्या पाडव्याले बोलतीन. काल तो तुह्या दारापासून परत गेला. आता कशाले वाट पाहू मी?"

मी म्हटलं, "म्हणजे तू आता तिकडेच राहणार."

"मी कुठी राहायचं ते तुमी नका पाहू. वाटलं तं येईन, वाटलं तं जाईन. बस हाय. ठेवतो आता, मले जेवायचं हाय."

माझा संताप झाला, हे लपवत नाही. तिच्यावरच झाला. असं वाटत होतं तर वर्षानुवर्षं मागे मुकाट्याने बसून काय मिळवलं? दोन थपडा मारायच्या होत्या दोघांना, हॉटेलवाल्यासमोर. तिला तेवढा अधिकार होता. मी तो फोन झाल्यावर आठवडाभर तिच्याशी बोलले नाही आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

भाईंनी एके दिवशी निर्वाणीचं विचारलं. मी म्हटलं, देऊन टाका. भंगारवाला आला, गाडी टेम्पोवर चढवली, हेड आणि दादाने आणलेला रेडिएटर मागच्या सीटवर ठेवला आणि घेऊन गेला. मी तिथे थांबले नाही. कागद रद्द करायचं काम तेवढं मी स्वतः केलं.

आई येते. कधी पंधरा दिवस राहते, कधी चार. मेच्या उन्हातही आली एकदा, ओला पंचा डोक्याला गुंडाळून, आणि मनासारखं राहून गेली. येताना दादाच्या बायकोने दिलेला ठेचा आणते, जाताना माझ्याकडची लोणच्याची बरणी नेते. आमच्याबद्दल ती आता एक अक्षर काढत नाही. तिचं वाट बघणं थांबलंय ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसतं. माझ्या घरी ती हसते, खाते, झोपते, पण पाहुण्यासारखी.

दसऱ्याला मी घरीच होते. सकाळपासून चिडचिड होत होती आणि कशाची ते कळत नव्हतं. नवऱ्यावर ओरडून झालं, दूधवाल्यावर झालं. संध्याकाळी मी दादाचा नंबर लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. शिव्या सुचतील असं वाटलं होतं.

त्याने उचलला. "हॅलो."

मी म्हटलं, "मी बोलतेय."

"हाव. माय झोपली हाय. उठवू?"

"नको."

काय म्हणायचं? ऑइल, कूलंट, टायर, पंखा, बोलायला काहीच उरलं नव्हतं. मी नुसता फोन कानाला धरून उभी राहिले. त्याचा श्वास ऐकू येत होता.

शेवटी त्यानेच विचारलं, "गाडीचं काय केलं?"

"भंगारात दिली."

"बरं केलं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मला रडू फुटलं, आणि ते आईसाठी नव्हतं.